ओरिन हॅस्केलला कोण मारणार?

१९४९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मी एक आख्खी बँक पाडली. बँक म्हणजे तिची पुढची भिंत तेवढी. सॅन फर्नांडो खोऱ्यामागच्या टेकड्यांत शूटिंगसाठी जी गावं उभी असतात, त्यांना पुढची भिंतच असते. मागे लाकडाचे टेकू, आणि टेकूंच्या सावलीत झोपलेले सुतार.

माझी काही चूक नव्हती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आता वय झालं, तेव्हा खरं सांगून टाकतो. मी होतो दरोडेखोरांच्या टोळीतला चौथा. घोड्यावर बसून मला एक वाक्य होतं. एकच, पण घसघशीत: "शेरीफ, सूर्य मावळायच्या आत हे गाव सोड, नाहीतर इथल्या मातीला तुझ्या रक्ताची चव कळेल!" मी फिरत्या नाटक कंपनीत सात वर्षं काढलेला माणूस. इंडियानातल्या धान्याच्या कोठारांतून, शाळांच्या जेवणघरांतून राजे आणि खुनी रंगवलेले. 'माती' म्हटलं की हात मातीकडे गेलाच पाहिजे अशी आमची शिकवण. माझा हात हॅटसकट मातीकडे निघाला आणि वाटेत घोड्याच्या कानावर आदळला. घोड्याने त्या मातीची चव घ्यायची नाही असं ठरवलं आणि तो थेट बँकेत शिरला. दरवाजातून नव्हे.

सुतार उठले, धूळ उडाली, दिग्दर्शक कोनराड फेल्स खुर्चीवर उभा राहून माझ्या आईविषयी काही बोलला. घोडा मला घेऊन पागेच्या दिशेने उधळला. तिथे एक उंच, वाळलेला माणूस ट्रकवरून लसूणघासाच्या गासड्या उतरवत होता. तो धावला नाही. हातातली गासडी खाली ठेवली, चार पावलं चालत आला आणि लगाम धरला.

"काय झालं रे बाबा? कुणी छळलं तुला?" त्याने विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा कळलं की प्रश्न घोड्याला होता. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "तू उतर. त्याला जरा बरं वाटेल."

उन्हाचा अर्धा तास उरला होता. फेल्स खुर्चीवरून ओरडला, "हे जनावर ज्याच्या मांडीखाली गप्प उभं राहील त्याला वाक्य द्या! कुणालाही द्या! सुताराला द्या!" सुतार बँक उचलत होते. मग माझी हॅट त्या गवतवाल्याच्या डोक्यावर गेली, माझा कोट त्याच्या अंगावर गेला आणि माझी मिशी त्याच्या ओठावर चिकटवली. डिंकही माझाच.

"बोलायचं काय?" त्याने विचारलं. त्याला वाक्य सांगितलं. त्याने ते मनात एकदा उलटसुलट केलं. "एवढं सगळं?" म्हणाला. मग घोड्यावर बसून शेरीफकडे बघत, घशात गवताचं कुसळ अडकल्यासारख्या आवाजात म्हणाला, "शेरीफ, गाव सोड."

घोडा दगडासारखा उभा. शॉट पहिल्या फटक्यात ओके. शेरीफचं काम करणारा नट दुसऱ्या दिवशी दुपारच्या सँडविचांच्या वेळी मला मुद्दाम गाठून म्हणाला, "व्हर्ज, तुझं वाक्य ऐकून मला हसू आवरत नव्हतं. याचं ऐकून खरंच घरी जावंसं वाटलं."

तो गवतवाला म्हणजे ओरिन हॅस्केल. आणि तेव्हापासून पंधरा वर्षं माझ्या पोटात जे दुखत होतं त्याचं नावही तेच.

त्याचं मागचं सगळं मला माहीत आहे, कारण मत्सरी माणसासारखा चरित्रकार नाही. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत जन्म, नऊ भावंडांतला सहावा. बाप दुधाची गाडी हाकायचा. दुष्काळात शेत उडून गेलं, शब्दशः उडून गेलं, तेव्हा हा बायकोला, बर्निसला, घेऊन पश्चिमेला आला आणि शूटिंगच्या पागांना वैरण पुरवू लागला. नाटक आयुष्यात पाहिलं ते एकदा, चर्चमधलं. त्यात त्याला मेंढी केली होती. "जमलं का?" मी विचारलं होतं. "मेंढी होतो," तो म्हणाला.

त्या बँकेच्या दिवसानंतर फेल्स त्याला बोलवू लागला. मग दुसरे बोलवू लागले. घोडं पेंड खातं ते इथेच. आमच्या धंद्यात घोड्यावर बसून बोलायचं वाक्य कुणाला मिळतं? ज्याला बोलता येतं त्याला नव्हे. ज्याचा घोडा कॅमेऱ्यासमोर ठरल्या जागी येऊन वाक्य संपेपर्यंत हलत नाही त्याला. मी बोलायला लागलो की माझा घोडा एक पाऊल मागे घ्यायचा. समीक्षक म्हणतात तो हाच. ओरिनखाली मात्र पागेतलं सगळ्यात नाठाळ जनावरही प्रार्थनेला बसल्यासारखं उभं. परिणामी पहिल्या दोन वर्षांत त्याला एकोणीस क्लोज-अप मिळाले. मला तीन. त्यांतल्या एकात मी मेलेलो होतो आणि डोळ्यांवर हॅट होती.

बरं, तो करायचा काय? काही नाही! हात हलवायचा नाही, भुवया हलवायचा नाही. संहिता हातात आली की सँडविच खाता खाता पेन्सिलीने आपली वाक्यं खोडायचा. एकदा एक लेखक तणतणत आला.

"मिस्टर हॅस्केल, तुम्ही माझी चार वाक्यं खाल्लीत!"

"हो," ओरिन म्हणाला. "पाचवं चांगलं होतं. ते ठेवलंय."

लेखक खूश होऊन परत गेला. मी शप्पथ सांगतो, खूश होऊन.

मी नक्कल करून पाहिली. तीन महिने रोज सकाळी आरशासमोर बसून काही न करण्याची तालीम केली. डेल्मा, माझी बायको, दारातून बघायची. चौथ्या आठवड्यात तिने डॉक्टरांना फोन केला. पुढच्या शूटिंगला मी फेल्ससमोर जाऊन अगदी ओरिनसारखा, काही न करता उभा राहिलो. फेल्स जवळ आला, कपाळाला हात लावून म्हणाला, "स्टॅम्पर, पोट बिघडलंय का? बस जरा."

आणि मरण! मरण हा माझा प्रांत. गोळी लागली की मी आधी खांदा, मग गुडघा, मग एक गिरकी, मग पाण्याचं पिंप, मग पिंपासकट जमीन अशा पायऱ्यांनी मरायचो. पोरं टाळ्या वाजवायची. ओरिन गोळी लागली की खाली बसायचा. बस्स. दिवसभर नांगर धरून आलेला माणूस पायरीवर टेकतो तसा. एका रविवारी दुपारच्या खेळाला डेल्मा आणि मी गेलो होतो. पहिल्या अर्ध्या तासात मी मेलो. डेल्मा म्हणाली, "पाय आवर, त्या बाईंना जाऊ दे." शेवटी ओरिन मेला. बघतो तर ही रुमालात तोंड घालून हुंदके देतेय.

"अगं, तो परवा आपल्याकडे जेवून गेला!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "किती भला माणूस होता."

"होता?"

"तू गप्प बस. तू पिंप फोडलंस तेव्हा मी काही बोलले का?"

मग टेलिव्हिजन आलं. 'पिल्चर वेल' नावाची दर आठवड्याची मालिका निघाली. त्यात तबेल्याचा मोतद्दार, म्हातारा गस, असं कायमचं काम होतं. फेल्सने आम्हा दोघांनाही बोलावलं. मी तयारीने गेलो. डाव्या पायाने लंगडणं, एक दात काळा, आणि गसचं बालपणापासूनचं चरित्र तीस पानं लिहून काढलेलं. ओरिन कोटाच्या खिशात गासडीची सुतळी घेऊन आला.

"हा गस," फेल्सने त्याला विचारलं, "पहिल्या दृश्यात आत आल्यावर काय करेल असं तुम्हाला वाटतं?"

"घोड्यांना चारेल," ओरिन म्हणाला.

माझी तीस पानं फेल्सने वजन करून परत दिली. नऊ वर्षं ओरिन गस होता. देशभरातल्या आज्या त्याला लोकरीचे मोजे विणून पाठवायच्या. आणि मी? मी त्याच मालिकेत नऊ वर्षांत अकरा वेळा मेलो. नियम असा की मेलेल्या माणसाने सहा महिने तोंड दाखवायचं नाही. म्हणून मी एकदा दाढीत आलो, एकदा एका डोळ्याने आलो. एकदा तर माझ्याच खुनाचा सूड घ्यायला माझाच भाऊ म्हणून आलो आणि त्याच दाराशी मेलो. दर वेळी शेवटचा शॉट तोच: मी आडवा, आणि ओरिन माझ्या मृतदेहाकडे बघत, काही न करता, उभा. त्या न करण्याचंच वर्तमानपत्रांत कौतुक व्हायचं.

माझ्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. ती हास्यास्पद आहे, पण होती. शॉट संपताना एकदा तरी उभा राहिलेला माणूस मी असावा.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. मरणाऱ्याने मारणारा निवडायचा. पिस्तुलातल्या खोट्या काडतुसात गोळी नसते, पण दारू खरी असते आणि तोंडाशी पुठ्ठ्याचं बूच असतं. ते पेटतं बूच दहा पावलांवरूनही माणसाचा गाल भाजतं. म्हणून ज्याला मरायचं असेल तो आधी आमच्या स्टंटप्रमुखाला, रॉस्को प्रुइटला, एका बाजूला घेऊन नाव सांगतो: मला अमक्याच्या हातून मरायचंय. दिग्दर्शकसुद्धा त्यात तोंड घालत नाही. आमच्यात हे एक प्रशस्तिपत्रकच. ड्वाइट लोमॅक्स नावाचा देखणा पोरगा होता, सरळ हाताचा, त्याला तर मरणारे रांग लावून निवडायचे. आणि मला पंधरा वर्षांत कुणीही, एकानेही, निवडलं नव्हतं.

"का रे रॉस्को?" मी एकदा विचारलं.

"व्हर्ज," तो म्हणाला, "तू पिस्तूल धरतोस की बँडमास्तरची काठी?"

१९६४च्या वसंतात बातमी आली की 'पिल्चर वेल' बंद होणार आणि शेवटच्या भागात गस मरणार. त्याचा तरुणपणीचा जोडीदार तबेल्यात येतो, जुन्या पाणवठ्याचं भांडण उकरून काढतो आणि त्याला गोळी घालतो. जोडीदाराला साडेतीन पानांचं भाषण! पडद्यावर नाव एकट्याचं! आणि शेवटच्या शॉटमध्ये तो उभा असतो, गस खाली.

मी बावन्न वर्षांचा होतो. घोड्यांचे सिनेमे आटत चालले होते. टोळीतला चौथा आता कुणाला लागत नव्हता. असं काम पुन्हा येणार नाही हे मला कळत होतं, आणि ते देणं त्या एका माणसाच्या हातात होतं हे जास्त कळत होतं. आठवडाभर कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. ओरिनला कोण मारणार? सगळे म्हणाले, लोमॅक्स. मीही वरवर म्हणालो, लोमॅक्स. आणि घरी जाऊन डेल्माला रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाय भट्टीत भाजायला सांगितला.

"पाय नेतोयस की अर्ज?" तिने विचारलं.

"शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही?"

"तो अकरा मैलांवर राहतो, व्हर्जिल."

गेलो. ओरिनच्या ओसरीवर लोमॅक्स आधीच बसला होता, हातात नव्याकोऱ्या लगामाची भेट. माझा पाय, त्याचा लगाम. आम्ही तिघं हवापाण्यावर बोललो. म्हणजे आम्ही दोघं बोललो.

"ओरिनदादा, तुम्हाला हवं तेव्हा सांगा," लोमॅक्स म्हणाला. "माझा हात हलत नाही, तुम्ही जाणताच."

"अरे, हात न हलणं म्हणजे काय अभिनय आहे?" मी म्हणालो. "कुंपणाच्या खांबाचा पण हलत नाही."

"खांबाने बँक तरी पाडली नाही, व्हर्जकाका."

ओरिनने पायचे दोन तुकडे खाल्ले. चमचा पुसला. आम्हा दोघांकडे पाळीपाळीने बघितलं. "साखर बेताची आहे," म्हणाला, "बरं झालं." आणि घोड्यांना पाणी दाखवायला निघून गेला. परतीच्या अकरा मैलांत मी त्या पाच शब्दांचे निदान चाळीस अर्थ लावले. एकही माझ्या बाजूने लागेना. त्या रात्री... नको, झोप लागली नाही एवढंच पुरे.

मंगळवारी सकाळी फलकावर कागद लागला. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभा राहिलो, म्हणजे तोंड पडलेलं कुणाला दिसू नये. पुढून लोमॅक्सने मागे वळून पाहिलं. त्याचंच तोंड पडलं होतं.

"काका," तो म्हणाला, "त्या पायमध्ये काय घातलं होतं?"

कागदावर लिहिलं होतं: व्हर्जिल स्टॅम्पर.

गुरुवारी शूटिंग. मी साडेतीन पानांत सतरा हातवारे, दोन खोकले आणि एक रडवेलं हसू बसवलं होतं. कपडे करून आत गेलो. रॉस्कोने पिस्तूल माझ्या हातात दिलं, जितकं सांगता येईल तितकं सांगितलं आणि शेवटी येशूचं नाव घेतलं. ओरिन उलट्या बादलीवर बसून लगामाला तेल चोळत होता. संहितेत त्याला अर्धं पान होतं. त्याने खोडून खोडून दोन शब्द ठेवले होते.

कॅमेरा सुरू झाला. मी दारात आलो. त्याने मानसुद्धा वर केली नाही. "ये. बस," म्हणाला.

मी बोलायला लागलो. वाक्यं सगळी पाणवठ्याविषयी होती: तुला सगळं मिळालं गस, मला काय मिळालं, आपण एकाच दिवशी निघालो होतो. पण माझ्या डोक्यात पाणवठा कुठे होता! माझ्या डोक्यात माझी मिशी त्याच्या ओठावर होती. एकोणीस क्लोज-अप होते, आज्यांचे मोजे होते, डेल्माचा ओला रुमाल होता. आणि हा माणूस समोर बसून शांतपणे तेल चोळतोय, काही न करता, आणि सगळा कॅमेरा खाऊन टाकतोय! माझा आवाज खाली खाली गेला. तो इतका खाली जाऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. सतरा हातवाऱ्यांपैकी एकही आठवला नाही. हात एकदाच उचलला, सरळ, आणि चाप ओढला.

ओरिन बादलीवरून हळूच खाली टेकला. मी उभा होतो.

फेल्स 'कट' म्हणायचं विसरला. मग आला आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाला, "स्टॅम्पर, गाढवा, हे पंधरा वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस?" कोपऱ्यात लोमॅक्स हॅट काढून उभा होता. ओरिन उठला, पँट झटकली आणि गाल चाचपून पाहिला. भाजला नव्हता.

मे महिन्यात तो भाग दाखवला. डेल्मा नेहमीप्रमाणे ओरिनसाठी रडली, पण मधेच थांबून माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची जरा लांब सरकवली. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. आठ दिवसांनी कॅन्ससहून एक पत्र आलं. मला आलेलं पहिलं पत्र. एका बाईंनी लिहिलं होतं, "नालायक माणसा, त्या म्हाताऱ्याने तुझं काय वाईट केलं होतं? तुझ्या डोळ्यांत सैतान आहे."

ते पत्र घडी करून मी खिशात ठेवलं, आणि रविवारी दुपारी अकरा मैल गाडी हाकत ओरिनकडे गेलो. आभार मानायला. खरं म्हणजे ते पत्र दाखवायला. त्याला मोज्यांच्या पेट्या आल्या असतील; सैतान म्हणून कुणी लिहिलं होतं का?

बर्निस सरबत ठेवून आत गेली. ओरिनने चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं, घडीवर घडी घालून परत दिलं. "छान अक्षर आहे," म्हणाला.

मला राहवेना. पंधरा वर्षांत त्याच्या तोंडून माझ्या कामाविषयी एक बरा शब्द निघाला नव्हता, आणि आज तो काढल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

"ओरिन, खरं सांग," मी म्हणालो. "लोमॅक्स होता. त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ, तो माझ्यापेक्षा देखणा. अख्ख्या खोऱ्यात चाळीस नट तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसले होते. त्या सगळ्यांना सोडून तू मला निवडलंस. तुला माझ्यात असं काय दिसलं?"

त्याने सरबताचा पेला खाली ठेवला. थोडा विचार केला. बहुतेक मनातल्या मनात चार वाक्यं खोडली असावीत.

"ज्याला अभिनय करावा लागणार नाही, असा तू एकटाच होतास."